घरबसल्या बरोक ऑपेरा : हॅन्डलचा 'ज्यूलिओ चेझारे' पडद्यावर कसा पाहावा

पहिल्यांदाच बरोक ऑपेरा, म्हणजे साधारण १६०० ते १७५० दरम्यानचं युरोपातलं गाण्यांतून चालणारं नाटक, लावलेला माणूस अर्ध्या-पाऊण तासात रिमोटकडे हात नेतो. बहुतेक वेळा कारण एकच असतं : तो नाटक पाहायच्या तयारीने बसलेला असतो. पात्र येतं, चार ओळी गातं, त्याच ओळी पुन्हा गातं, मध्येच दुसरं काही गाऊन परत पहिल्या ओळींवर येतं, आणि कथा तसूभरही पुढे सरकत नाही. या कलाप्रकारात कथा सरकते ती दोन गाण्यांच्या मधल्या जागेत. गाणं सुरू झालं की घड्याळ थांबतं आणि पात्राचं मन उलगडू लागतं. बंदिशीच्या दोन ओळींवर तासभर रमणाऱ्या श्रोत्याला ही सवय लावून घ्यावी लागत नाही. फक्त ती इथेही चालते, हे कुणीतरी सांगावं लागतं.

म्हणून बरोक ऑपेरा सिनेमासारखा सलग बघू नये. आधी थोडी तयारी करावी, अंकागणिक एक संध्याकाळ द्यावी, आणि प्रत्येक गाण्यात पहिला भाग परत येतो तेव्हा कान टवकारावेत. हे कसं करायचं ते मी एकाच ऑपेराचं एकच चित्रण धरून सांगते. पद्धत एकदा अंगवळणी पडली की ती हॅन्डलच्या आणि त्याच्या काळच्या इतर इटालियन ऑपेरांनाही लागू पडते.

कोणतं चित्रण घ्यावं

ऑपेरा आहे जॉर्ज फ्रिडेरिक हॅन्डलचा 'ज्यूलिओ चेझारे', म्हणजे ज्यूलियस सीझर. जर्मनीत जन्मलेल्या माणसाने इटालियन भाषेत, लंडनच्या प्रेक्षकांसाठी रचलेला. पहिला प्रयोग २० फेब्रुवारी १७२४ रोजी लंडनच्या हेमार्केटमधल्या किंग्ज थिएटरात झाला. शब्द निकोला फ्रान्चेस्को हाइमचे, एका जुन्या व्हेनिशियन संहितेवरून बेतलेले.

चित्रण आहे २००५ सालचं, इंग्लंडमधल्या ग्लाइंडबोर्न महोत्सवातलं. दिग्दर्शक डेव्हिड मॅकव्हिकर, संगीत संचालन विल्यम क्रिस्टी, आणि वाद्यवृंद 'ऑर्केस्ट्रा ऑफ द एज ऑफ एन्लाइटनमेंट', जो अठराव्या शतकातल्या घडणीची वाद्यं वाजवतो. सीझर झाली आहे सारा कॉनली, क्लिओपात्रा डॅनिएल डी नीस, कोर्नेलिया पॅट्रिशिया बार्डन, तिचा मुलगा सेस्तो अँजेलिका किर्शश्लागर, आणि टोलेमी क्रिस्तॉफ दुमो.

नवख्या प्रेक्षकाला मी हेच का सुचवते? एक तर गायकांना अभिनय येतो आणि शरीर वापरता येतं. घरी पडद्यावर बघताना याने फार फरक पडतो, कारण कॅमेरा चेहऱ्याच्या अगदी जवळ जातो आणि नुसतं उभं राहून गाणाऱ्याला लपायला जागा उरत नाही. दुसरं कारण आपल्याला जास्त जवळचं आहे. मॅकव्हिकरने रोमन फौजेला ब्रिटिश साम्राज्याच्या लाल गणवेशात उभं केलं आहे. इजिप्तमध्ये उतरलेला सीझर म्हणजे परक्या मुलखात सभ्यपणाचा आव आणून आलेली सत्ता. आणि क्लिओपात्राच्या गाण्यांवर अँड्र्यू जॉर्ज यांनी बसवलेली नृत्यं पाहिली की हिंदी सिनेमावर वाढलेल्या कुणालाही त्या मानेच्या आणि कमरेच्या हालचाली कुठून आल्या ते लगेच कळतं. इंग्रज साम्राज्याची गोष्ट आपण दुसऱ्या बाजूने अनुभवली आहे, त्यामुळे या प्रयोगातले काही क्षण मराठी प्रेक्षकाला युरोपीय प्रेक्षकापेक्षा जास्त बोचतात असं मला वाटतं.

मिळवायचं कसं

हे चित्रण ओपस आर्ते या कंपनीने डिस्कवर प्रसिद्ध केलं. परदेशातून डिस्क मागवताना रीजन कोड, म्हणजे ती कोणत्या भागातल्या प्लेअरवर चालेल ते सांगणारी खूण, बघून घ्या. डीव्हीडीसाठी भारताचा क्रमांक ५ आहे आणि युरोपचा २; ब्लू-रेसाठी भारत 'सी' गटात आणि युरोप 'बी' गटात येतो. वेष्टनावर ० किंवा 'ऑल रीजन्स' लिहिलेलं असेल तर काळजी नाही. परदेशात राहणारं कुणी सुट्टीला येणार असेल, तर त्याच्या बॅगेत एका डिस्कची जागा सहज होते.

डिस्क नको असेल तर पैसे भरून पाहायच्या सेवा आहेत : मेदिची टीव्ही, ग्लाइंडबोर्नची स्वतःची सेवा, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराची सेवा. याच मॅकव्हिकरचा हाच प्रयोग २०१३ मध्ये मेट्रोपॉलिटनला वेगळ्या गायकांसह झाला आणि त्याचंही चित्रण झालं. तिथे सीझर डेव्हिड डॅनियल्स आहे आणि क्लिओपात्रा नताली देसे. या सेवांवर काय आहे आणि काय काढून टाकलंय हे बदलत राहतं, म्हणून वर्गणी भरण्याआधी शोधून खात्री करून घ्या. एक पैसाही न घालता सुरुवात करायची असेल तर ऑपेराव्हिजन हे युरोपीय ऑपेरागृहांचं मोफत व्यासपीठ आहे. तिथे संपूर्ण ऑपेरा ठरावीक मुदतीसाठी उपलब्ध असतात, उपशीर्षकांसकट. यूट्यूबवर या ऑपेरातली सुटी गाणी भरपूर सापडतात. तयारीच्या संध्याकाळी ती उपयोगी पडतात, पण पूर्ण ऑपेरा तुकड्यातुकड्यांनी बघू नका.

टीव्ही आणि आवाज

बरोक वाद्यवृंद लहान असतो आणि त्यातली निम्मी मजा हळू वाजणाऱ्या वाद्यांत असते. हार्पसिकॉर्ड पियानोसारखा पट्ट्या दाबून वाजवतात, पण त्याच्या तारा छेडल्या जातात, त्याचा आवाज बारीक आणि लखलखीत असतो. थिऑर्बो ही लांब मानेची वीणेसारखी वाद्यजात, तिचा खर्ज मऊ असतो. टीव्हीच्या आतल्या स्पीकरवर ही दोन्ही वाद्यं जवळपास नाहीशी होतात आणि गायक रिकाम्या जागेत गातोय असं वाटतं. तेव्हा साधी का होईना, बाहेरची स्पीकरची जोडी जोडा. तेही नसेल तर चांगला वायरचा हेडफोन लावा. खर्चाची वेळ आली तर मोठ्या पडद्याआधी आवाजावर खर्च करा.

टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन दोन गोष्टी बंद करा. आवाज आपोआप एकसारखा करणारी सोय, जिला कुठे 'नाइट मोड' तर कुठे 'ऑटो व्हॉल्यूम' म्हणतात. ती चालू असली की कुजबुज आणि गर्जना एकाच पट्टीत येते, आणि हॅन्डलने मुद्दाम ठेवलेला फरक पुसला जातो. दुसरी, हालचाल गुळगुळीत करणारी सोय. तिच्यामुळे रंगमंचावरचे प्रकाश आणि वेशभूषा दूरदर्शन मालिकेसारखे दिसू लागतात.

खोलीत अंधार हवा, पण मिट्ट नको. आणि फोन दुसऱ्या खोलीत.

आधीची संध्याकाळ : कथा आणि एक गाणं

प्रत्यक्ष ऑपेरा लावण्याच्या आदल्या दिवशी तासभर काढा. इथे कथा आधी कळल्याने काही बिघडत नाही; १७२४ च्या प्रेक्षकांनाही सीझर आणि क्लिओपात्रा ठाऊक होते, आणि शिवाय त्यांच्या हातात छापील संहिता असायची. दिवे चालू असायचे आणि ते ती वाचत वाचत ऐकायचे.

कथा अशी. इसवी सनपूर्व ४८. रोमच्या यादवीत आपला प्रतिस्पर्धी पाँपे याचा पराभव करून सीझर इजिप्तला पोचतो. पाँपेची पत्नी कोर्नेलिया आणि मुलगा सेस्तो त्याच्याकडे अभय मागतात, आणि तो देतोही. तेवढ्यात इजिप्तचा राजा टोलेमी याचा सेनापती अखिल्ला भेट घेऊन येतो. भेट म्हणजे पाँपेचं कापलेलं मुंडकं. सीझर संतापतो. तिकडे टोलेमीची बहीण क्लिओपात्रा सिंहासनासाठी भावाशी भांडते आहे; ती 'लिदिया' नावाची दासी बनून सीझरला भुलवायला जाते. टोलेमी सीझरला मारायचा कट करतो, अखिल्ला आणि टोलेमी दोघांचाही कोर्नेलियावर डोळा आहे, आणि किशोरवयीन सेस्तो बापाचा सूड घ्यायला निघाला आहे. शेवटी सेस्तो टोलेमीला मारतो आणि सीझर क्लिओपात्राला राणी करतो. इतिहासात टोलेमी नाईल नदीत बुडून मेला आणि खरा सेक्स्तुस पुढे आयुष्यभर सीझरच्या पक्षाशी लढत राहिला, पण ऑपेराला सुखान्त हवा होता.

ही कथा मराठीत एका कागदावर लिहून काढा, पात्रांच्या नावापुढे नातं टाकून. मराठी उपशीर्षकं मिळत नाहीत, इंग्रजीच लावावी लागतात. घरात ज्यांना इंग्रजी भरभर वाचता येत नाही, त्यांना प्रत्येक अंकाआधी त्या अंकाची गोष्ट तोंडी सांगा. मग उपशीर्षकांची फारशी गरज उरतही नाही. एका गाण्यात शब्द असतात जेमतेम सहा-आठ ओळी. पहिल्या अर्ध्या मिनिटात त्या वाचून झाल्या की नजर उचलायची आणि गायकाकडे बघायचं. ज्यांना मूळ इटालियन शब्द डोळ्यांसमोर हवे असतील त्यांच्यासाठी आयएमएसएलपी या संकेतस्थळावर जुनी स्वरलिपी मोफत आहे.

आता एक गाणं. तिसऱ्या अंकातलं क्लिओपात्राचं 'पियांजेरो ला सोर्ते मिया' काढा आणि एकटंच ऐका. भावाने तिला कैद केलं आहे, सीझर मेला असं तिला वाटतंय. शब्दांचा अर्थ साधारण असा : श्वास आहे तोवर मी माझ्या नशिबावर रडत राहीन. संथ लय, खाली उतरत जाणारा खर्ज, वर आवाज जवळजवळ उघडा. हा झाला 'अ' भाग. मग एकदम लय धावायला लागते : पण मेल्यावर मी भूत होऊन त्या जुलमी माणसाला रात्रंदिवस छळेन. व्हायोलिनं उसळतात, तानांची झड लागते. हा 'ब' भाग, आणि तो लवकर संपतो. मग पुन्हा 'अ'. तेच शब्द, तीच सुरावट, मी रडत राहीन.

या घाटाला 'दा कापो' म्हणतात, म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. हॅन्डलच्या काळच्या इटालियन ऑपेरातली बहुसंख्य गाणी याच घाटाची आहेत. परत आलेला 'अ' भाग हॅन्डलने वेगळा लिहिलेला नसायचा. तिथे गायकाने स्वतःच्या जागा घ्यायच्या, हरकती, मुरक्या, लांबवलेला सूर, अशी प्रथाच होती. मात्र या जागा निव्वळ सजावटीच्या नसाव्यात. 'पियांजेरो'त भुताची धमकी देऊन झाल्यावर रडायला परत आलेली क्लिओपात्रा आता वेगळी बाई आहे. आपला राग हवेतच विरणार हे तिला कळलंय. चांगली गायिका पहिला 'अ' जवळपास लिहिल्याबरहुकूम गाते आणि दुसऱ्यात सूर आणखी बारीक करते, एखादा स्वर थरथरत धरून ठेवते. म्हणून हे गाणं दोनदा ऐका. पहिल्यांदा सबंध. दुसऱ्यांदा फक्त दोन 'अ' भाग एकापाठोपाठ, मधला वगळून, आणि कुठे कुठे फरक केला ते बोटावर मोजा. ही एवढी कसरत झाली की पुढच्या तीन संध्याकाळी तुम्हाला कंटाळा येणार नाही, हे मी खात्रीने सांगते.

पहिली संध्याकाळ : पहिला अंक

संपूर्ण संगीत साडेतीन तासांहून जास्त आहे. ग्लाइंडबोर्नला जाणारा प्रेक्षक मध्ये सुमारे दीड तासाची सुट्टी घेतो आणि हिरवळीवर बसून जेवतो. घरी आपण तीन अंकांना तीन संध्याकाळी देऊ. पहिला अंक सर्वांत लांब, म्हणून जेवणं उरकून बसू नका; संध्याकाळी लवकर लावा आणि नंतर जेवा.

गाण्यांच्या मध्ये हार्पसिकॉर्डच्या आणि चेलोच्या साथीने जे भरभर बोलल्यासारखं गायलं जातं, ते रेचिताटिव्हो. डिस्कवर पुढे ढकलण्याचा मोह इथेच होतो आणि इथेच तो टाळायचा, कारण सगळी घटना इथे घडते. कोण कुणाला धमकावतो, कोण खोटं बोलतो, ते याच दीड-दोन मिनिटांत. इथे उपशीर्षकं नीट वाचा. गाण्यात वाचली नाहीत तरी चालेल.

पहिल्या अंकात तीन ठिकाणी खास लक्ष द्या. सीझरला मुंडकं दाखवल्यावर तो 'एम्पिओ, दिरो, तू सेई' गातो, राग आणि शिस्त दोन्ही एकाच वेळी सांभाळत. थोड्या वेळाने सेस्तोचं 'स्वेल्याते-वी नेल कोरे' येतं, सूडाची प्रतिज्ञा. त्याच्या मधल्या संथ भागात बापाची सावली मुलाशी बोलते आणि मुलाचा आवाज क्षणात लहान होतो.

तिसरं ठिकाण म्हणजे 'व्हा ताचितो ए नास्कोस्तो'. सीझर टोलेमीच्या महालात गेलेला असतो. दोघं एकमेकांशी गोड बोलतात आणि दोघांनाही ठाऊक असतं की समोरचा आपल्या जिवावर उठला आहे. गाण्याचा अर्थ : निष्णात शिकारी शिकारीची आस लागली की गुपचूप, लपतछपत जातो. त्यासोबत हॅन्डलने एकच हॉर्न ठेवलं आहे, शिकारीचं शिंग. त्या काळच्या हॉर्नला कळा नव्हत्या. स्वर ओठांनी आणि फुंकेनेच काढायचे, त्यामुळे ते किंचित खडबडीत वाजतं आणि तेच शोभतं. रंगमंचावर मॅकव्हिकर सीझर आणि टोलेमीला दरबारी नाचासारख्या चालीत फिरवतो. पावलं अदबीची आणि नजर समोरच्याच्या गळ्यावर. गाताना कॉनलीचा चेहरा बघा : सौजन्याचं हसू जागचं हलत नाही, पण डोळे टोलेमीच्या हातांवर असतात. सिनेमात हा प्रसंग अर्ध्या मिनिटात संपला असता. इथे तो सहा-सात मिनिटं चालतो आणि एक क्षणही सैल होत नाही.

अंक संपतो कोर्नेलिया आणि सेस्तोच्या 'सोन नाता आ लाग्रिमार' या युगुलगीतावर. आईला आणि मुलाला वेगवेगळ्या कैदेत नेत आहेत. दोन आवाज एकमेकांवर घासतात, सुटतात, पुन्हा भिडतात. यानंतर लगेच दुसरा अंक लावू नका. बंद करा आणि उठा.

आवाजांचं कोडं

पहिल्या अंकानंतर घरातलं कुणीतरी हमखास विचारतं की सीझर बाई का, आणि टोलेमी बायकी आवाजात का गातो. याचं उत्तर नीट द्यावं, कारण हा प्रश्न मनात अडकून राहिला की पुढचं ऐकू येत नाही.

१७२४ मध्ये सीझर होता सेनेसिनो, त्या काळचा प्रख्यात कास्त्रातो. लहानपणी खच्चीकरण केल्यामुळे आवाज न फुटलेला, पण प्रौढ पुरुषाच्या छातीची ताकद असलेला गायक. इटालियन ऑपेरात वीरनायकाचा आवाज म्हणजे तो उंच, तेजस्वी आवाज, अशी तेव्हा समजूतच होती. सेस्तोची भूमिका मात्र त्याही वेळी मार्गेरिता दुरास्तान्ती या बाईनेच केली होती, म्हणजे बाईने पोराचं सोंग घेणं मुळातलंच आहे. क्लिओपात्रा होती फ्रान्चेस्का कुझ्झोनी. आज कास्त्रातो नाहीत. तेव्हा त्या जागी एक तर खालच्या पट्टीतली गायिका घेतात, जशी इथे कॉनली, किंवा काउंटरटेनर, म्हणजे घोटीव उंच आवाजात गाणारा पुरुष, जसा इथे दुमो. १९२२ मध्ये जर्मनीतल्या गोटिंगेनला हा ऑपेरा पुन्हा रंगमंचावर आला, तेव्हा सीझरचा भाग खाली उतरवून बॅरिटोनकडे, म्हणजे खालच्या पट्टीतल्या पुरुषी आवाजाकडे दिला होता. पुढे कित्येक दशकं तसंच चालू राहिलं. तसं केल्याने तानांचं वजन बदलतं आणि क्लिओपात्राच्या आवाजाशी सीझरच्या आवाजाचं असलेलं नातं तुटतं.

मराठी घरात हे समजावायला उदाहरण बाहेर शोधायला नको. बालगंधर्वांना भामिनी किंवा सिंधू म्हणून पाहताना आपल्या आजोबा-पणजोबांना पुरुष दिसत नव्हता. आवाज आणि पदन्यास त्या भूमिकेचे असले की पुरे. संगीत नाटकाच्या प्रेक्षकाने हा करार फार आधी केलेला आहे. कॉनलीची चाल बघा, खांदे कसे ठेवते, टाच कशी टेकवते, बसताना कोट कसा सारते. दहा मिनिटांत प्रश्न मिटतो.

दुसरी संध्याकाळ

हा अंक मला सर्वांत प्रिय आहे आणि त्याची सुरुवात चुकवू नका. क्लिओपात्राने सीझरसाठी देखावा रचला आहे : पार्नासस पर्वत आणि नऊ कलादेवी. हॅन्डलने इथे मुख्य वाद्यवृंदाखेरीज रंगमंचावर वेगळा छोटा वाद्यवृंद बसवला आहे. त्यात हार्प, व्हिओला दा गाम्बा (गजाने वाजवायचं, चेलोसारखं जुनं वाद्य), थिऑर्बो आहेत. चांगल्या स्पीकरचे पैसे इथे वसूल होतात.

'वादोरो, पुपिले' सुरू होतं. तुम्ही आता 'अ' आणि 'ब' ओळखता. 'ब' संपतो, आपण 'अ' परत येण्याची वाट बघतो, आणि हॅन्डल मध्येच गाणं थांबवतो. सीझरला राहवत नाही, तो बोलून जातो : स्वर्गात देवाधिदेवाकडेही अशा गोड गाण्याला तोड देईल अशी सुरावट नाही. आणि मग 'अ' परत येतो. मैफलीत रसिकाच्या तोंडून सम येण्याआधीच निघालेली दाद, ती इथे संगीतकाराने स्वतः लिहून ठेवली आहे. नियमाने बांधलेल्या घाटात हॅन्डल कुठे आणि का मोडतोड करतो हे एकदा दिसलं की त्याची थोरवी वेगळी सांगावी लागत नाही.

पाठोपाठ सीझर 'से इन फ्योरितो अमेनो प्रातो' गातो, फुललेल्या कुरणातल्या पाखराचं गाणं. सोबतीला एकटं व्हायोलिन पाखरू होऊन त्याच्याशी स्पर्धा करतं. इथे दोघांनाही बढतीला मोकळीक असते, त्यामुळे प्रत्येक चित्रणात हे निराळं ऐकू येतं.

मधला भाग कोर्नेलिया, अखिल्ला आणि टोलेमीच्या जनानखान्याचा. तो थोडा लांबतो, हे मान्य करावं. दमलात तर इथे पाणी प्यायला थांबा, शेवटच्या वीस मिनिटांत नको. कारण शेवटी सीझर मारेकऱ्यांना तोंड द्यायला धावतो (त्याने समुद्रात उडी टाकल्याची बातमी नंतर येते) आणि एकटी उरलेली क्लिओपात्रा 'से प्येता दी मे नोन सेंती' गाते. आतापर्यंत खेळकर, हिशेबी असलेली ही बाई इथे पहिल्यांदा खरोखर प्रेमात पडल्याचं कळतं. बसून ऐका.

तिसरी संध्याकाळ

तिसऱ्या अंकात तुम्हाला 'पियांजेरो' भेटेल, आता संदर्भासकट. त्याच्या पाठोपाठ पाण्यातून वाचून आलेला सीझर 'औरे, देह, पेर प्येता' गातो : वाऱ्यांनो, दया करा, माझी प्रिया कुठे आहे सांगा. इथेही हॅन्डलने घाट वाकवला आहे. 'ब' भागाच्या जागी सुरावट मोडून पडते आणि रणांगणावरची प्रेतं पाहून सीझर जवळजवळ बोलायलाच लागतो. मग वारा पुन्हा वाहू लागतो.

सुटका झाल्यावर क्लिओपात्राचं 'दा तेम्पेस्ते' येतं, वादळात मोडलेलं गलबत बंदराला लागल्याच्या आनंदाचं. डी नीस इथे ताना घेत नाचते, दम न गमावता. परतलेल्या 'अ' भागात तान आणि पाऊल एकाच मात्रेवर कसं पडतं ते बघा, आणि हे गाणं लगेच परत लावायला हरकत नाही.

शेवटच्या समूहगीतात मेलेले टोलेमी आणि अखिल्ला रक्ताळलेल्या कपड्यांतच उठून सगळ्यांत मिसळतात. काहींना हे खटकतं. मला ते पटतं : अठराव्या शतकातला सुखान्त कुणी खरा मानायचा नसतो, तो गाण्याचा समारोप असतो, आणि त्यात सगळ्या गायकांचे आवाज लागतात. हॅन्डलच्या काळीही शेवटच्या समूहगानात मेलेल्या पात्रांचे गायक आवाज मिसळत.

कॅमेरा काय दाखवतो, काय नाही

चित्रण म्हणजे प्रयोग नव्हे, याचं भान ठेवा. कॅमेरा गाणाऱ्याच्या चेहऱ्यावर असताना ऐकणारं पात्र काय करतंय ते दिसत नाही, आणि दा कापो गाण्यात अर्धं नाटक ऐकणाऱ्याकडे असतं. दुसऱ्यांदा पाहताना दूरच्या दृश्यांची वाट बघा. तेव्हा मागचा समुद्र दिसेल : जुन्या बरोक रंगभूमीवर असत तसे आडवे, पिळदार, फिरते दांडे, ज्यांच्या फिरण्याने लाटा पुढे येतात. त्या लाटांवर जहाजं येतात. ती कोणत्या काळातली आहेत ते प्रत्येक अंकात ताडून बघा.

आवाजाचंही तसंच. ध्वनिमुद्रणात गायक आणि वाद्यवृंद यांचा तोल अभियंता ठरवतो. नाट्यगृहात थिऑर्बो इतका जवळ कधीच ऐकू येत नाही. संधी मिळाली तर एकदा तरी चित्रण मोठ्या पडद्यावर बघा. मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्राने मेट्रोपॉलिटन ऑपेराची अशी चित्रणं दाखवली आहेत.

पुढचं चित्रण

याच ऑपेराचं दुसरं चित्रण महिनाभराने बघा, त्याच्या आत नको. त्याच २००५ साली कोपनहेगनला झालेल्या प्रयोगात सीझर आहे काउंटरटेनर आंद्रेआस शोल; कॉनलीच्या शेजारी त्याला ठेवलं की एकच भूमिका बाईच्या आणि पुरुषाच्या उंच आवाजात कशी बदलते ते कानांना कळतं. झाल्झबुर्गला २०१२ मध्ये शोलसोबत क्लिओपात्रा होती चेचिलिया बार्तोली. इटालियन ऐकून कान थकत असतील तर १९८४ चं, जॅनेट बेकरचं इंग्रजीतलं चित्रण आहे. वाद्यं आजच्या घडणीची, पण तिच्या सीझरचा रुबाब बघण्यासारखा.

नवं चित्रण सुरुवातीपासून लावू नका. आधी 'व्हा ताचितो', 'वादोरो, पुपिले' आणि 'पियांजेरो' ही तीन गाणी काढा, परतलेल्या 'अ' भागात गायकाने काय केलं ते ऐका, आणि ते आवडलं तरच तीन संध्याकाळी मोकळ्या ठेवा.